फार्मसीची मुलं परीक्षा पास होतात, पण काउंटरवर बोलायला कधी शिकणार?

खलबत्ता

येत्या २५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन. कॉलेजात पोस्टर स्पर्धा होतील, फोटो निघतील. त्याआधी इथे एका विषयावर मोकळेपणाने चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे. मी मुंबईत डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या, मुलांना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं रिटेलमध्ये काउंटरला उभी होते.

मी वर्गात दोन सिरिंजा घेऊन जाते. एकीचं टोपण लाल, दुसरीचं केशरी. लाल म्हणजे यू-४०, केशरी म्हणजे यू-१००. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली मिळते ती बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटची, आणि पेनात घालायची कार्ट्रिज १०० युनिटची. आता समजा, पेशंटला सकाळी २० युनिट सांगितलेत. घरी बाटली ४० ची आहे आणि दुकानातून सिरिंज गेली केशरी टोपणाची. त्याने २० च्या रेघेपर्यंत भरलं. अंगात गेलं किती? फक्त ८ युनिट. आता उलटं घ्या. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर गेलं ५० युनिट. एवढ्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो.

माझी मुलं इन्सुलिनच्या दोन साखळ्या, ५१ अमिनो आम्लं, सगळं घडाघडा सांगतात. टोपणाचा रंग विचारला की वर्ग गप्प होतो. यात मुलांचा दोष नाही. ते त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. फार्मासिस्ट घडतो तो पेशंटसमोर, आणि शेजारी जबाबदारी घेणारं कुणीतरी अनुभवी माणूस उभं असताना. आपल्या शिक्षणात नेमका हाच भाग कागदावर उरकला जातो. तो जागेवर येत नाही तोवर अभ्यासक्रम कितीही बदला, परीक्षा कितीही वाढवा, पेशंटला फरक पडणार नाही.

नियम नाहीत असं मुळीच नाही. १९९१ च्या शिक्षण नियमांपासून डी.फार्म. झालेल्या मुलाला किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात जायला हवेत. किती जणांचे जातात? ओळखीच्या मेडिकलमध्ये फॉर्म न्यायचा, सही-शिक्का घ्यायचा, झालं. पुढे तोच मुलगा नोंदणी करून आपलं सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानाला लावतो, घरबसल्या दरमहा पैसे घेतो, आणि काउंटरवर दहावी-बारावी झालेला पोरगा शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत अशा, गोळ्या कापून देतो. फार्मसी कायदा १९४८ चा, त्याच्या कलम ४२ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध द्यायचं नाही.

अभ्यासक्रम मात्र खरोखर सुधारलाय, हेही सांगायला हवं. २०२० च्या नव्या नियमांनी डी.फार्म.ला सोशल फार्मसी, फार्माकोथेराप्युटिक्स (कुठल्या आजाराला कोणतं औषध) आले. पूर्वी दुकान चालवण्याचा विषय होता, त्या जागी कम्युनिटी फार्मसी आली. २०२२ मध्ये एक्झिट परीक्षेचे, म्हणजे डिप्लोमानंतर नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेचे, नियम आले. तीन पेपर, प्रत्येकात निदान ५० टक्के. चांगलंच आहे. पण पर्याय निवडायच्या परीक्षेत मुलगी आजीबाईंशी कशी बोलते ते कळत नाही.

बाहेर काय चाललंय तेही पाहू. फार्मासिस्टांची जागतिक संघटना एफआयपी, १९१२ पासूनची. २०१६ मध्ये चीनमधल्या नानजिंगला त्यांनी फक्त शिक्षण आणि मनुष्यबळ या विषयावर जागतिक परिषद भरवली. तिथे १३ उद्दिष्टं ठरली, २०२० मध्ये ती वाढून २१ झाली. पहिलंच उद्दिष्ट शिकवणाऱ्या संस्थांची क्षमता, आणि दुसरं, नव्याने पास झालेल्यांचं कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण. हा क्रम मला फार पटतो.

जपानने २००६ मध्ये फार्मासिस्टचा अभ्यासक्रम चारावरून सहा वर्षांचा केला. तिथे विद्यार्थी ११ आठवडे रुग्णालयात आणि ११ आठवडे दुकानात काढतो. मुख्य म्हणजे त्याला तिथे असाच सोडत नाहीत. आधी प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजे एकेका टेबलावर एकेक काम. कुठे पेशंटची भूमिका करणारा माणूस बसलेला, कुठे चुकीची चिठ्ठी ठेवलेली. त्यात पास झालास तरच पेशंटजवळ जायचं. असल्या परीक्षेची पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डेन यांनी वैद्यकीच्या मुलांसाठी मांडली. तिला यंत्रसामग्री लागत नाही. टेबलं लागतात, माणसं लागतात, आणि प्रामाणिकपणे गुण देणारा परीक्षक लागतो.

तुम्ही कोण आहात, काउंटरच्या अलीकडे की पलीकडे, त्यावरून अनुभव सांगा. दुकानदारांनी तर जरूर लिहा.

---

मेडिकलकाका

ताई, दुकानदारांना हाक मारलीत म्हणून लिहितो. लालबागला माझं दुकान आहे. मी स्वतः बी.फार्म., स्वतः बसतो, सर्टिफिकेट कुणाचं भाड्याने घेतलेलं नाही.

तुमचं सगळं पटतं, पण हिशेब मांडा. दरनियंत्रणातल्या औषधांवर कमाल किंमत ठरवताना सरकार रिटेलरचं मार्जिन १६ टक्के धरतं. त्यात भाडं, दोन माणसांचे पगार, फ्रीजची वीज, एक्स्पायरीचा माल. शेजारी नवीन साखळी दुकान आलंय, ते १५-२० टक्के सूट देतं. मोबाइलवरून औषधं विकणारे तर त्याहून जास्त. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ काउंटरला चार-पाच माणसं कायम. थायरॉइडच्या पेशंटला मी सांगायला लागलो, की ही गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियमची व हिची चार तासांची फारकत ठेवा, की मागचा माणूस लगेच म्हणतो, 'काका, लवकर करा, गाडी पकडायचीय.'

बोलायचे पैसे कुणी देत नाही. गोळीचे देतात. हे आहे तोवर शिकलेला मुलगासुद्धा वर्षभरात बोलायचं सोडून देतो. माझ्याकडचा एक हुशार मुलगा असाच बँकेच्या परीक्षा देऊन निघून गेला.

---

निशिगंधा

ताई, मी यंदा डी.फार्म. झाले, सध्या ट्रेनिंगलाच आहे. तुम्ही लिहिलंय तसं माझ्या वर्गातल्या पुष्कळांनी फक्त फॉर्म भरून घेतलेत. मला घरच्यांनीही तेच सांगितलं होतं, कशाला रोज उभी राहतेस म्हणून.

सुरुवातीला मला रॅक लावायला आणि एक्स्पायरी काढायला ठेवलं होतं. कंटाळा यायचा, पण आता वाटतं, त्यातून नावं डोळ्यांत बसली. नंतर सरांनी काउंटरला शेजारी उभं केलं. एक दिवस एक आजी आल्या. नातू आठ महिन्यांचा, तापाचं औषध हवं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिली लिहिलेलं. आजी म्हणाल्या, औषध घरात आहे, फक्त मोजायचं माप हरवलंय, तेवढं द्या. मी माप शोधायला वळले. सरांनी विचारलं, 'आजी, घरातली बाटली केवढी आहे?' आजींनी बोटं जवळ आणून दाखवली, एवढीशी. म्हणजे ती ड्रॉप्सची. लिहिलेल्या सिरपात ५ मिलीला १२० मिलिग्रॅम, ड्रॉप्समध्ये १ मिलीलाच १००. आजींनी ५ मिली पाजलं असतं तर ५०० मिलिग्रॅम गेलं असतं, बाळाला हवं त्याच्या चौपटीहून जास्त.

हे आकडे मला पाठ होते. पण बाटली केवढी आहे असं विचारायचं असतं, ते मला माहीत नव्हतं.

---

परळकर

मी फार्मसीतली नाही, पेशंटच्या घरची आहे. आमचे बाबा गिरणीत होते, आता दम्यासारखा त्रास आहे, सीओपीडी. कितीतरी दिवस इनहेलर घेत होते आणि फरक काही पडत नव्हता. डॉक्टर डोस वाढवत गेले.

मग घराजवळच्या मेडिकलमध्ये एक नवीन मुलगी आली. तिने बाबांना सांगितलं, 'आजोबा, माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा.' बाबा कळ दाबायचे आणि मग श्वास ओढायचे. औषध सगळं जिभेवर. तिने शिकवलं, आधी डबी हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग ओढायला सुरुवात करता करता कळ दाबा, हळू ओढा आणि दहापर्यंत मनात मोजत श्वास धरून ठेवा. स्टेरॉइड आहे म्हणून नंतर चूळ भरा, नाहीतर तोंड येईल. तरी हाताचा आणि श्वासाचा मेळ बसेना, तेव्हा म्हणाली डॉक्टरांना विचारून स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, लावू. लावला. जिना चढताना बाबा आता मध्ये थांबत नाहीत.

काका, तुमची गर्दीची अडचण समजते. पण ती मुलगी दुपारी बोलवायची, गर्दी नसताना. आता आमचा सगळा मजला औषधं तिथूनच आणतो, सूट मिळो न मिळो.

---

कुर्ल्याचा जीपी

वेगळा सूर लावतो, राग मानू नका. माझ्याकडे येणाऱ्या तापाच्या पेशंटांपैकी बरेच जण आधीच मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेऊन आलेले असतात. मग तपासण्यांचे निष्कर्ष गढूळ होतात आणि निदान लांबतं. शेड्यूल एच१, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी, २०१४ पासून लागू आहे. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. क्षयाची औषधंही त्यात आहेत. पाळतं किती जण?

फार्मासिस्टचं शिक्षण वाढवा, जरूर वाढवा. पण त्यातून 'आम्हीही औषध लिहून देऊ' अशी मागणी येणार असेल तर माझा ठाम विरोध आहे.

---

वॉर्डफार्मा

डॉक्टरसाहेब, रजिस्टरबद्दल शंभर टक्के सहमत. मी पालिकेच्या रुग्णालयात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे दुसरी बाजूही रोज दिसते.

२०१० मध्ये डॉ. उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १०६ डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितली. ६३ वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहिली गेली, आणि बरोबर चिठ्ठी फक्त ६ जणांची. डॉक्टरांना कमी लेखायला हे सांगत नाही. त्या चिठ्ठ्या प्रत्यक्षात कुठे जातात? मेडिकलमध्ये. तिथे वजन विचारून डोस पडताळणारं, औषध कमी-जास्त दिसलं तर फोन उचलणारं माणूस असेल तर ती चूक तिथेच अडते. नसेल तर ती पेशंटच्या घरी जाते आणि पुढे औषधाला न जुमानणारा क्षय होऊन आमच्याकडे येते.

दुसरं, मेथोट्रेक्झेट. संधिवाताला ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. ही चूक जगभर होते. मी प्रत्येक पाकिटावर वार लिहितो, 'फक्त रविवार', आणि पेशंटकडून म्हणवून घेतो. 'समजलं का?' विचारलं की सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर कधी घेणार, मला सांगा' असं विचारलं की खरं काय ते कळतं. हे मला एका सिनिअर सिस्टरने शिकवलं. ते अभ्यासक्रमात असायला हवं, नशिबावर सोडायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुका कमी करायची मोहीम सुरू केली, तेव्हा अशा चुकांचा जगाला पडणारा खर्च वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर धरला होता. आमच्या खिडकीसमोरची रांग पाहिली की तो आकडा परका वाटत नाही.

आणि एक विषयांतर. कायदा शिकवताना मुलांना मुंबईतलाच इतिहास सांगा. १९८६ मध्ये जे.जे.त भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. त्यावर न्या. लेंटिन यांचा आयोग बसला. खरेदी, तपासणी, साठा या साखळीतली एकेक कडी कशी निसटली ते त्यातून कळतं. माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलांना याबद्दल काहीच माहीत नसतं, आणि मला ते फार लागतं.

---

लीड्सकर

मी मूळची पार्ल्याची, कलिन्याला बी.फार्म. केलं, आता इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मासिस्ट आहे. इथली परिस्थिती सांगते, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या शंकेवरही बोलता येईल.

इथे चार वर्षांची पदवी, मग एक वर्ष कामाच्या जागी, नेमून दिलेल्या देखरेखदाराखाली. तो सही करतो तेव्हा आपली नोंदणी पणाला लावून करतो, म्हणून सही मागायला जायची कुणाची हिंमत होत नाही. नंतर नोंदणीची परीक्षा. तिचा पहिला पेपर निव्वळ हिशेबाचा, ४० प्रश्न. डोस, ठिबकाचा वेग, द्रावण पातळ करणं. बाकी कितीही येत असो, हा पेपर सुटला नाही तर नोंदणी नाही. संधी तीनच.

आणि नोंदणी झाली म्हणजे सुटका नाही. दर वर्षी स्वतःच्या शिकण्याच्या चार नोंदी, एका सहकाऱ्याबरोबर बसून केलेली चर्चा, आणि आपल्या कामाकडे वळून पाहणारं एक टिपण द्यावं लागतं. मला सुरुवातीला हे कारकुनी वाटायचं. पण त्या चर्चेसाठी मी एका रुग्णालयातल्या फार्मासिस्टबरोबर बसते, आणि तिच्याकडून मूत्रपिंडाच्या पेशंटच्या डोसबद्दल जितकं शिकले तितकं कुठल्या व्याख्यानात शिकले नाही.

आता औषध लिहून देण्याबद्दल. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये फार्मसी फर्स्ट नावाची सेवा आहे. ठरावीक सात तक्रारी. घसादुखी, कानदुखी, सायनस, किडा चावून झालेला संसर्ग, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांमधला साधा लघवीचा संसर्ग. प्रत्येकीचा ठरलेला मार्ग आहे, कुणाला द्यायचं, कुणाला नाही, कुणाला तडक डॉक्टरकडे पाठवायचं. दिलेल्या औषधाची नोंद पेशंटच्या डॉक्टरकडे जाते. मेडिकलकाका, तुमच्यासाठी खास, तपासून नुसता सल्ला देऊन परत पाठवलं तरी सरकार दुकानाला पैसे देतं. सुरुवातीला दर भेटीला १५ पौंड होते. म्हणून मी 'तुम्हाला अँटिबायोटिकची गरज नाही' असं निवांतपणे म्हणू शकते. २०२६ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या फार्मासिस्टांना तर पहिल्या दिवसापासून औषध लिहिण्याचा अधिकार असेल. पण त्यासाठी २०२१ मध्येच शिक्षणाचे निकष बदलले. आधी शिक्षण, मग अधिकार.

हे जसंच्या तसं मुंबईत आणा असं मी म्हणणार नाही. इथे प्रत्येकाचा डॉक्टर ठरलेला असतो, सरकार पैसे भरतं. तिथली घडी वेगळी आहे.

---

खलबत्ता

सगळ्यांचे आभार. परळकर, तुमच्या बाबांची गोष्ट मी उद्या वर्गात सांगणार आहे.

डॉक्टरसाहेब, लिहून देण्याचा अधिकार मी मागत नाही. माझी मुलं आज लिहिलेलं पडताळू शकली तरी पुष्कळ. त्याला कायद्याचा आधारही आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत समुपदेशनाची यादीच आहे. औषधाचं नाव, कशासाठी, कसं आणि किती दिवस घ्यायचं, कोणते दुष्परिणाम, ठेवायचं कुठे, डोस चुकला तर काय. ॲप्रन आणि नावाची, नोंदणी क्रमांकाची पट्टीही त्यातच आहे. तुमच्या रोजच्या मेडिकलमध्ये ती पट्टी दिसते का, सगळ्यांनी एकदा बघा.

लीड्सकर, सही करणाऱ्याची नोंदणी पणाला लागते, हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. आपल्याकडे ५०० तासांच्या फॉर्मवर सही करणाऱ्याला पुढे कुणीच काही विचारत नाही.

कॉलेजांच्या संख्येबद्दल कुणीतरी लिहील म्हणून वाट पाहत होते. नवी कॉलेजं थांबवायला फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०२२ मध्ये रद्द केली, कारण नुसत्या ठरावाने अशी बंदी घालता येत नाही. माझं मत असं की कॉलेज किती यापेक्षा प्रत्येक कॉलेजाच्या मागे खरोखर शिकवणारी किती दुकानं आणि किती वॉर्ड आहेत, हे मोजलं पाहिजे. वॉर्ड नसेल तर जागा नाहीत. फार्म.डी.चंही तेच. २००८ पासून हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, शेवटचं वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. मुलं वॉर्डात फिरतात, केस मांडतात, आणि पास झाली की रुग्णालयात पदच नसतं. मग अंधेरी, पवई, ऐरोलीच्या ऑफिसांत बसून परदेशातल्या पेशंटांच्या दुष्परिणामांच्या नोंदी करतात. काम चांगलंच आहे ते, पण इथल्या वॉर्डासाठी घडवलेलं माणूस इथल्या वॉर्डाला मिळत नाही.

---

कुर्ल्याचा जीपी

पडताळणीला माझा विरोध कधीच नव्हता. उलट फोन यावा अशीच इच्छा आहे. पण फोन कसा येतो ते सांगतो. ओपीडी भरलेली असताना कुणीतरी म्हणतं, 'डॉक्टर, ते तुमचं औषध नाहीये, दुसरं देऊ का?' कोण पेशंट, कुठलं औषध, काही नाही. मी चिडतो, तो घाबरतो, पुन्हा फोन करत नाही.

हे मुलांना शिकवा. मी अमुक मेडिकलमधून फार्मासिस्ट बोलतोय. पेशंट अमुक, वय एवढं. तुम्ही वॉर्फरिनबरोबर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर, हे दुखण्याचं औषध लिहिलंय, रक्तस्रावाची भीती वाटते. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का? अर्ध्या मिनिटाचं काम. असा फोन आला तर कुठलाही शहाणा डॉक्टर आभारच मानेल. मी तर मानीन.

---

निशिगंधा

डॉक्टर, हे मी वहीत उतरवून घेतलं. आम्हाला फोनवर बोलायची खरंच भीती वाटते. कॉलेजात पत्रलेखन झालं, फोन कधीच झाला नाही.

---

मेडिकलकाका

डॉक्टरसाहेबांचं वाचून बरं वाटलं.

रिफ्रेशर कोर्सबद्दल राहिलं होतं. नियमाप्रमाणे पाच वर्षांत एकेक दिवसाचे दोन करायचे. मी केलेत. हॉलमध्ये सकाळी व्याख्यान, दुपारी जेवण, मग प्रमाणपत्र. वक्ते विद्वान होते, पण विषय पार औषधनिर्मितीचे. आम्हा काउंटरवाल्यांना त्याचा उपयोग काय? त्याऐवजी वीस चिठ्ठ्या समोर टाका आणि चुका शोधायला लावा. दहा-दहाचे गट करा. आमच्यातले निम्मे लोक जागे तरी राहतील आणि दुसऱ्या दिवशी दुकानात काहीतरी वेगळं करतील. मुलुंडला स्टेट कौन्सिलचं औषध माहिती केंद्र आहे, तिथे प्रश्न विचारता येतात, हेसुद्धा आमच्या गल्लीत फारसं कुणाला माहीत नाही.

जपानमध्ये पेशंट औषधांची वही ठेवतात असं मी मासिकात वाचलं होतं. फार्मासिस्ट प्रत्येक वेळी दिलेल्या औषधाची चिकटपट्टी त्यात लावतो. लालबागमध्ये साखरेच्या आणि बीपीच्या पेशंटसाठी मी साध्या दोनशे पानी वह्या आणून ठेवणार आहे. पेशंट दोन-तीन डॉक्टरांकडे जातात आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत, निदान मला तरी एका जागी दिसेल.

---

वॉर्डफार्मा

काका, वहीत औषधाने त्रास झाला तर त्याची एक ओळ जरूर ठेवा, आणि कळवायची सवय लावा. दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. फार्मासिस्ट कळवू शकतो, पेशंटही कळवू शकतो.

ताई, प्रात्यक्षिक परीक्षेसाठी टेबलांची यादी करायची असेल तर माझी मदत घ्या. मी सुचवतो. अँटिबायोटिकचं ड्राय सिरप पेशंटला समजावून द्यायचं, त्यात उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा रेघ बघायची, आणि लेबलवर लिहिलेल्या मुदतीनंतर उरलेलं टाकायला सांगायचं. एक टेबल चिडलेल्या गिऱ्हाइकाचं, ज्याला चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी हवीय. तिथे नाही म्हणायचं, पण तो माणूस अपमान न होता परत गेला पाहिजे. मला वाटतं हे सगळ्यात अवघड.

---

परळकर

चिडलेलं गिऱ्हाईक व्हायला मी येईन. आमच्या मजल्यावरच्या दोन काकूही येतील, त्यांना तर शिकवावंही लागणार नाही.

---

खलबत्ता

मग हे करूया. दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आठ टेबलं मांडते, प्राचार्यांशी उद्या बोलते. वॉर्डफार्मा आणि मेडिकलकाका परीक्षक, परळकर आणि काकू पेशंट, डॉक्टरसाहेबांनी फोनच्या टेबलावर पलीकडून बोलायचं, लीड्सकरांनी हिशेबाचे दहा प्रश्न पाठवायचे. गुणपत्रिका मुलांच्या हातात द्यायची, विद्यापीठाला किंवा बोर्डाला नाही. मुलं कुठे अडतात तेवढं कळलं तरी पुढच्या सत्रात काय शिकवायचं ते ठरवता येईल.

आणि काका, ट्रेनिंगसाठी माझे दोन विद्यार्थी तुमच्याकडे घ्याल का? सही मात्र खऱ्या तासांवरच करायची.

---

निशिगंधा

ताई, मी तुमच्या कॉलेजची नाही, पण आले तर चालेल का?

---

मेडिकलकाका

निशिगंधा, तू येच. ताई, दोघांना पाठवा, पण एकाच वेळी नको. एक सकाळी दहा ते दोन, दुसरा चार ते नऊ, म्हणजे गर्दीही बघेल. पहिले दोन आठवडे नुसतं शेजारी उभं राहून ऐकायचं. नंतर ते बोलतील, मी ऐकेन. रोजची वही लिहायची, कुणाला काय सांगितलं आणि त्यांनी काय विचारलं. दुकान बंद करताना मी ती वाचेन. ॲप्रन त्यांचा त्यांनी आणायचा, नावाची पट्टी मी करून देतो. सोमवारपासून चालेल. येण्याआधी डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला फोन त्यांच्याकडून दोन-चारदा घोकून घ्या.